पन्नासावी पुंगळी

उस्ताद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला बँकेत हयातीचा दाखला देण्याच्या रांगेत उभा होतो. पुढे सात-आठ म्हातारे, सगळे माझ्यासारखेच पेन्शनवाले, आपण अजून जिवंत आहोत हे एका पोरसवदा कारकुनाला पटवून देण्यासाठी धोतराला, शर्टाला अंगठे पुसत होते. फोनवर उस्तादांची मुलगी सुजाता होती. "खुटबावकाका ना? अण्णा गेले हो... पहाटे, झोपेतच." मी म्हणालो, "बरं." माणसाला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत हे समजू शकतं, पण "बरं"? ती पोरगी काय समजली असेल कोण जाणे. रांग सोडून बाहेर आलो, मोटारसायकल काढली आणि शिरूरचा रस्ता धरला. दाखला राहिला तो राहिलाच, नंतर कधीतरी जाऊन दिला.

उस्ताद म्हणजे विश्वास रणपिसे. गाणंबजावणं किंवा कुस्ती यातले उस्ताद नव्हेत. पोलिसांत कवायत आणि हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि रणपिसे आम्हाला पिस्तूल शिकवायचे. कुठलं दल, कुठलं केंद्र हे मी इथे लिहीत नाही. दौंड तालुक्यातल्या एका माळावर आमची रेंज होती, म्हणजे मातीचा एक उंच बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटीवर चिकटवलेले कागदी पुतळे आणि अलीकडे आम्ही दहा जण, एवढं कळलं तरी पुरे. नवी बॅच आली की उस्ताद कुणाचं नाव विचारत नसत, गाव विचारत. मग तेच तुमचं नाव. मी खुटबावचा म्हणून खुटबाव. माझा जोडीदार पोपट मांडवगण फराट्याचा, म्हणून तो मांडवगण. "मांडवगण, खांदा ढिला सोड की लका, बैल न्हाई वढायचा!" असं ओरडले की पोपट हसायचा आणि उस्ताद आणखी चिडायचे. तिशी-पस्तिशीचा काळा, काटक माणूस, मिशी बारीक, आवाज मात्र बांधाला आदळून परत येणारा. शिरूरच्या बौद्धवस्तीत घर, आणि त्या वस्तीतून पोलिसात जाऊन हातात पिस्तूल घेतलेले ते पहिले. ते स्वतः हे कधी सांगत नसत. वस्तीतले म्हातारे सांगत.

आम्हाला वाटलं होतं, पिस्तूल हातात आलं की धडाधड उडवायचं. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला एक गोळी दिली नाही. रिकामं पिस्तूल घ्यायचं, भिंतीसमोर उभं राहायचं. उस्ताद तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन भिंतीवर छातीच्या उंचीला एक ठिपका लावायचे. तो ठिपका आणि पिस्तुलाच्या नळीवरचं टोक एका रेषेत आणायचं आणि चाप इतक्या हळू ओढायचा की आपल्यालाही कळू नये कधी ओढला. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. खट् वाजलं आणि नाणं पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. माझं नाणं दिवसाला शंभरदा पडायचं. पोपटचं चौथ्या दिवशी पडायचं थांबलं. मग आली चपळाई. कमरेचं पिस्तूल उपसून ठिपक्यावर आणून चाप ओढेपर्यंतचा वेळ. उस्ताद आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि टाळी वाजवायचे. टाळीनंतर दहा पिस्तुलांचे दहा आवाज. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "खुटबाव, तुझं बोट आधीच चापावर व्हतं. चोरी करतूस व्हय?" मागे डोळे असल्यासारखे. त्यांचं एक वाक्य माझ्या अंगात मुरलंय: "घाई करायची न्हाई, फकस्त उशीर करायचा न्हाई." यातला फरक कळायला मला दोन वर्षं लागली. खरं सांगायचं तर अजूनही नेमका सांगता येत नाही... पण हाताला कळतो.

स्मृतिलेखात गेलेल्या माणसाचं कौतुक करायची रीत आहे. ते मी जलदान विधीच्या दिवशी केलं. पंचशील म्हणून झालं, चार जण बोलले, मग मलाही उभं केलं, आणि मी शिस्तप्रिय, निःस्पृह, कर्तव्यदक्ष असे सगळे शब्द ओळीने वापरून खाली बसलो. त्यातला एकही खोटा नव्हता. पण जे सांगायला हवं होतं ते तिथेही सांगितलं नाही. ते आता लिहितो. लिहून काही होणार नाही हे मला ठाऊक आहे.

पहिल्यांदा खऱ्या गोळ्या मिळाल्या त्याला दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी दहा जण, प्रत्येकी पाच, मिळून पन्नास. गोळी सुटली की पिस्तुलातून तिची रिकामी पितळी पुंगळी उजवीकडे उडते. पोलिसातला नियम असा की जेवढ्या गोळ्या शस्त्रागारातून नेल्या तेवढ्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या. एक कमी पडली तर एक जिवंत गोळी कुणीतरी बाहेर नेली असा संशय, आणि मग कुणाचीच खैर नाही. त्या दिवशी माझ्या पाचही गोळ्या पुतळ्याच्या छातीवरच्या वर्तुळात बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. उस्ताद कागदाजवळ गेले, पाचही भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खुटबाव, आज माणसात आलास." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटलं, यातली एक तरी पुंगळी घरी न्यावी, आबांना, माझ्या वडिलांना, दाखवावी. आमच्या घरातला मी पहिला नोकरदार, आणि आबांना अजून वाटायचं की मी तिकडे साहेबाच्या गाड्या धुतो. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि पायाजवळची एक पुंगळी मोज्यात सरकवली. गरम होती. घोट्याला चटका बसला.

मोजणीला एकोणपन्नास भरल्या. कुणाची कमी ते कळायला मार्ग नव्हता, कारण पुंगळ्या उडून एकमेकांत मिसळायच्या. दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. मग दुपारभर आम्ही दहा जण गुडघ्यावर बसून ते वाळलेलं गवत बोटांनी विंचरत होतो. एकाने कुठूनसं लोहचुंबक आणलं. पितळेला चुंबक लागत नाही हे ज्ञान आम्हाला तिथे झालं. पोपट तर तहान-भूक विसरून शोधत होता, तळहात सराट्याच्या काट्यांनी भरलेले. मीही शोधत होतो! मोज्यात पुंगळी घेऊन मी सगळ्यांच्या पुढे जाऊन शोधत होतो, याहून हलकटपणा काय असतो? शेवटी साहेब आले. म्हणाले, एकेकाची झडती घ्या. तेव्हा उस्ताद सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "सर, झडती नको. माझी पोरं चोरी करायची न्हाईत. माझ्याच मोजण्यात चूक झाली आसंल. मीच एकोणपन्नास आणल्या आसतील."

त्याच क्षणी पुढे व्हायला हवं होतं. पण परिवीक्षाकाळ चालू होता, नोकरी पक्की व्हायची होती, सगळ्यांसमोर बूट काढायचे होते... आणि उस्ताद आत्ताच म्हणाले होते की माझी पोरं चोरी करायची न्हाईत. ते वाक्य खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. उस्तादांच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाची नोंद झाली. बढती त्या वर्षी गेली, पुढेही रखडली. रविवारी मी ती पुंगळी खुटबावला नेली. आबांनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "पितळ हाय व्हय? चांगलं हाय." आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून बैलांना पाणी दाखवायला गेले. एवढ्यासाठी.

पुढच्या आठवड्यापासून उस्तादांनी नवी पद्धत घातली. उजव्या हाताला ताडपत्री आडवी बांधली, म्हणजे पुंगळ्या तिला आदळून पायाशीच पडतील. पाच सोडायच्या, आणि लगेच वाकून आपल्या पाच उचलून डाव्या मुठीत धरायच्या, मूठ वर करून दाखवायची. मग पुढचा हुकूम. आणि उस्ताद कुठलीही गोष्ट शिकवायला लागले की तिच्यात चपळाई आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हातात घड्याळ घेऊन ते उचलण्याचाही सराव घ्यायला लागले. "पाच सोड, पाच उचल! बघायचं न्हाई खाली, हाताला डोळं पायजेत!" पोपट यात सगळ्यांच्या पुढे गेला. पाचवी गोळी सुटते न सुटते तोच त्याचा डावा हात खाली गेलेला असायचा, नजर मात्र समोर पुतळ्यावर. सोडणं आणि उचलणं ही त्याच्या अंगात एकच हालचाल होऊन गेली. उस्ताद नव्या बॅचला त्याचं उदाहरण द्यायचे. मी उचलण्यात कायम मागे. त्या ताडपत्रीकडे बघितलं की माझे हात जड व्हायचे. मला त्यावरून बोलणी बसायची, पण उचलायची ती सवय हाताला लागली नाही, म्हणूनच मी आज हे लिहायला जिवंत आहे.

पाच-सहा वर्षं गेली. पोपट आणि मी एकाच पथकात होतो. महामार्गावर ट्रकवाल्यांना लुटणारी एक टोळी होती, त्यांची गाडी शिक्रापूरच्या पुढे एका ढाब्यामागे उभी असल्याची खबर आली. भर दुपारी गेलो. गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर होतो तेव्हा त्यांनी आधी गोळी झाडली. पोपटने पिस्तूल उपसलं. इतक्या जलद मी कधी कुणाला बघितलेलं नाही, उस्तादांनाही नाही. पाच गोळ्या झाडल्या. त्यांचा एक पडला. आणि मग पोपट वाकला. आडोशासाठी नाही, अडखळूनही नाही. नजर समोर गाडीवर आणि डावा हात खाली डांबरावर. मी ओरडलो, "पोपट, पडून ऱ्हा!" पण मला कळलं होतं तो काय करतोय. त्यांच्या दुसऱ्या गोळीने तो तिथेच गेला. त्याला गाडीत घातला तेव्हा त्याची डावी मूठ आवळलेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी ती उघडली. आत तीन पुंगळ्या होत्या.

उस्ताद धावतपळत आले. मी त्यांना काय घडलं ते सांगितलं. ते तिथल्या बाकावर बसले आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खुटबाव, म्याच शिकवलं त्याला हे. ती एक पुंगळी त्या दिवशी हरवली नसती ना... तर मला ही बुद्धी झालीच नसती." मी शेजारी उभा होतो. दुसऱ्यांदा वेळ आली होती. मी म्हणालो, "नशीब, उस्ताद." काय पण शब्द काढला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर बोंबही मारली नाही, नशिबाच्या गळ्यात माळ घालून मोकळा झालो. मांडवगणला पोपटच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर बसून परत येताना मी भीमेच्या पुलावर गाडी थांबवली आणि देवळीतून आणलेली ती पुंगळी पाण्यात टाकली. वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही होत नाही. उलट दाखवायला जो एक पुरावा होता तोही गेला.

त्यानंतरची उस्तादांची उरलेली नोकरी म्हणजे शिकवलेलं पुसण्याची धडपड. आता सरावात जो खाली बघेल त्याला ते माळाला दोन चकरा मारायला लावायचे. "पडू दे! पायाशी सोनं पडलं तरी बघायचं न्हाई! म्होरचा माणूस आजून हुबा हाय का, तेवढं बघ." पाच झाडल्या की डावीकडे दोन पावलं, गोळ्यांचं नवं मॅगझिन, पुन्हा नजर समोर. पोरं तरबेज झाली. पण शस्त्रागाराचा नियम काही बदलला नव्हता, पुंगळ्या मोजून द्याव्याच लागत. मग उस्ताद पोरांना चहाला पाठवायचे आणि एकटे गुडघ्यावर बसून त्या सगळ्या वेचायचे. कुणाला हात लावू देत नसत. "त्यास्नी सवय नगं लागाय," म्हणायचे. रोज पन्नास, कधी शंभर, कधी दोनशे. उन्हातान्हात, त्या मुरमावर, वर्षानुवर्षं. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे गुडघे साफ गेलेले होते. एकदा मी रेंजवर गेलो असताना ते असेच वेचत होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "उस्ताद, एक बोलायचं व्हतं." ते मान वर न करता म्हणाले, "बोल की." मी म्हणालो... "पाणी आणू का?"

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या दोनेक महिने आधीची. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, खाटेवर होते, कधी भानावर तर कधी नाही. मला बघून ओळखलं. सुजाताने चहा दिला. मी कप धरला तर ते माझ्या हाताकडे टक लावून बघायला लागले आणि जीभ जड असतानाही म्हणाले, "बोट... भाईर." कपाच्या कानात घातलेलं माझं बोट मी चापावरून काढावं तसं मुकाट्याने बाहेर काढलं. सुजाता हसली, तेही हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. त्या दिवशी मी घरून ठरवूनच निघालो होतो की सांगायचं. पण हसणाऱ्या माणसाला कसं सांगणार? पुढच्या वेळी सांगू म्हणून उठलो. आम्ही पोलिसवाले दुसऱ्याच्या तोंडून कबुली काढण्यात फार हुशार असतो.

जलदान विधीनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा शिरूरला गेलो. घरी वहिनी एकट्याच होत्या, उस्तादांच्या पत्नी. सुजाता कंपनीत कामाला गेलेली. वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं, जिथे उस्ताद शेवटचं वर्ष पडून होते. लोखंडी खाट, गादी उन्हाला काढलेली, कोपऱ्यात औषधांची पिशवी. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलायला लागल्या. "लई हाल झालं ओ भाऊ. झोपच न्हाई. शेवटी शेवटी तर नुसतं खाटंवरनं हात खाली सोडायचं आन् फरशी चाचपायचं. आमाला वाटायचं चष्मा शोधत्यात, पाणी पायजे. मग मोजायचं. एक, दोन, तीन... एकोणपन्नासपतुर आलं की थांबायचं, आन् परत एकपास्नं. सुजी म्हणायची, कवायतीचं आकडं हायेत. म्या एकदा कटाळून म्हणलं, अवो पन्नास म्हणा आन् झोपा! तर माझ्याकडं आसं बघितलं... म्हणालं, 'कुठाय?'"

मग मी सांगितलं. त्या रिकाम्या खाटेजवळ उभं राहून सगळं सांगितलं, मोजा, चटका, गवत, झडती, आबा, पूल, सगळं. चाळीस वर्षं घशात अडकलेलं बाहेर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं त्या रडतील, घराबाहेर काढतील, निदान एक शिवी तरी हासडतील. मी तयारीतच होतो. त्यांनी पदराने खाटेची पट्टी पुसली आणि म्हणाल्या, "तुमच्यावर लई जीव व्हता त्यांचा. त्यांस्नी तवाच सांगायचं की ओ भाऊ... झोपलं आसतं."

एवढंच बोलून त्या चहा टाकायला गेल्या. मी खिडकीतून बाहेर उन्हात पसरलेल्या गादीकडे बघत उभा राहिलो. सुजाता ती खोली आता भाड्याने देणार आहे, कंपनीतल्या दोन मुलांनी विचारलंय.